कंसातला शब्द

शामुवेल पगारे जर्मन शिकले नाशिकरोडला, प्रेसमध्ये,
जिथे टपालाची तिकिटं छापतात.
मशीन उभं करायला आलेला फिटर
आठ महिने जेल रोडला राहिला,
जाताना स्पॅनरचा एक संच
आणि तेलाचे डाग पडलेलं नाटकाचं पुस्तक ठेवून गेला.
स्पॅनर स्टोअरने जमा करून घेतले.
पुस्तक कुठल्याच रजिस्टरात बसेना.

लेखक लोटार फेन्स्के. मागच्या पानावर फोटो:
कान मोठे, नजर खाली,
सुटे पैसे पडल्यावर माणूस बघतो तशी.
सोळाव्या वर्षी विमानं पाडायच्या तोफेवर.
अठराव्या वर्षी पडलेल्या घरांच्या विटा खरवडायला,
शंभर विटांना अर्धा पाव.
मग नाटकं. सात लिहिली, चार झाली,
एकातून लोक उठून गेले,
आणि पन्नाशीच्या आतच त्याने लिहिणं सोडलं.

हे ते लोक उठून गेलेलं.
रंगमंचावर एक टेबल, टेबलामागे कारकून.
बॉम्बमध्ये घर गेलेली माणसं रांगेने येतात,
काय काय गेलं ते सांगतात, तो लिहून घेतो.
चांदीचे चमचे, बारा. भिंतीवरचं घड्याळ.
कारकून विचारतो, घड्याळ तुमच्याकडे कधीपासून?
आणि कंसात येतं: पाऊझं.
कारण घड्याळ शेजाऱ्यांचं,
आणि शेजारी एका पहाटे
माणशी एक पेटी घेऊन गेले होते.
नेले होते.

असे कंस एक्केचाळीस. पगारेंनी मोजले.
‘विराम’ लिहून बघितलं, व्याकरणाचा तास वाटला.
‘स्तब्धता’ म्हणजे शोकसभा.
‘थांबतो’ लिहिलं तर आमचा कारकून
खरंच थांबला, एक पाय वर.
शेवटी फेन्स्केलाच पत्र टाकलं,
स्वतःच्या पाळीत छापलेलं तिकीट लावून,
कडेच्या भोकांवरून एकदा अंगठा फिरवून.

चार महिन्यांनी कार्ड आलं.
मानधन नको. तुमच्या नदीचा फोटो पाठवा.
त्या जागी नटाने काही करू नये.
मीही तेव्हा काही केलं नव्हतं.

पगारेंनी सगळं खोडून लिहिलं: गप्प.

तालीम शरणपूरच्या शाळेत, बालवाडीच्या वर्गात,
बाकांवर गुडघे छातीशी घेऊन.
मी प्रॉम्प्टर. घड्याळवाली बाई
शैला क्षेमकल्याणी, टेलिफोन एक्स्चेंजमधली,
पाठांतर इतकं चोख की माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

त्या गुरुवारी कारकून म्हणाला, कधीपासून?
ती गप्प. बरोबर. मी मनात पाच मोजले.
मग अकरा.
मग शब्द हळूच तिच्याकडे सरकवला.
तिने घेतला नाही.
म्हणाली, शिलाई मशीन होतं.

नाटकात शिलाई मशीन नाही.

मोठ्या पुरात, म्हणाली, दुतोंड्या मारुती बुडाला,
पाणी सराफ बाजारातून आमच्या जिन्यापर्यंत,
नंतर पंचनामा. दादांनी लिहून दिलं:
तांब्याचे हंडे तीन, तांदूळ दोन पोती, शिलाई मशीन एक.
मशीन बशीर टेलरचं. खालच्या खोलीतला.
त्याला उन्हाळ्यातच...
इथे तिने हाताने कडी लावल्यासारखं केलं.
मशीन भाड्यापोटी ठेवून घेतलेलं.
माझी मॅट्रिकची फी त्या भरपाईतली.

फळ्यावर सकाळचं तसंच होतं, ग गवताचा.
कारकुनाने टाक दौतीत बुडवला,
दौत रिकामी, प्रॉपर्टीची.
पगारेंनी पेन्सिल उचलली, ठेवली.
मी पान उलटलं नाही.

स्पर्धेत काही मिळालं नाही.
परीक्षकांचा शेरा: प्रयोग संथ.

वैशाखात पगारे कॅमेरा मागून रामकुंडावर गेले.
पाणी घोट्याएवढं, मारुती पायापर्यंत उघडा,
एक पोर त्याच्या पायाशी चड्डी वाळवत उभं.
तोच फोटो पाठवला. तिकीट लावताना मी होतो.
मागे काय लिहिलं विचारलं
तर त्यांनी लिफाफा उन्हाकडे धरून बघितला,
आणि चिकटवला.